पाणी मुरू दे

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या कॉलेजच्या भूगोल विभागात, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, उत्तरेच्या खिडकीखाली एक काचपेटी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या पाच मिनिटांत तिच्यापुढे दोन-चार जण उभे असतात. कोणी काचेला बोट लावून पाहतं, कोणी "यात मासे आहेतच कुठे?" असं विचारून निघून जातं. थोडा वेळ थांबलं तर मासे दिसतात. त्या पेटीची हकिकत मला सांगायची आहे. ती सांगताना माझ्याबद्दलही काही सांगावं लागेल. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

या पेटीत पूर्वी सह्याद्रीचा उठावाचा नकाशा होता, प्लॅस्टरचा. एका पावसाळ्यात छत गळलं आणि कोकणासकट सगळा घाट विरघळून गेला. उरली ती नुसती काच. जुलै महिन्यात सर वर्गात म्हणाले, "आपण नद्या शिकतो, खोरी शिकतो, पण नदीत राहतं कोण ते कधी बघत नाही. या पेटीत मासे ठेवायचं कोण मनावर घेतं?" कोणी हात वर करेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "हिला सांगा, सर. हिचं गाव उजनीच्या पाण्याकाठी आहे." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. माझ्या पोटात गोळा आला. उजनीच्या काठी राहून तुझे वडील करतात काय, हा पुढचा प्रश्न असणार होता. तो कोणी विचारायच्या आत मी "हो" म्हणून टाकलं.

मी भोयाची मुलगी आहे. आजोबा भीमेत जाळं टाकायचे. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लांबलांबून माणसं ते बघायला येतात. आमच्या गावात वर येण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून घरातली माणसं नदीऐवजी धरणात जाळं टाकतात. वडील पहाटे होडी घेऊन जातात, आई मासळी निवडते आणि बाजाराला बसते. दहावीच्या पुढे गेलेली घरात मी पहिलीच.

पहिल्या वर्षी वर्गात ओळख करून देताना वडिलांचा व्यवसायही सांगायचा होता. माझ्या आधीची मुलगी "शेती" म्हणाली. मीही "शेती" म्हणाले. आमच्या नावावर अर्धा गुंठासुद्धा नाही. खोटं इतकं लहान होतं, की त्याचा पुढे काही त्रास होईल असं वाटलंच नाही.

पण आई दर रविवारी याच गावच्या बाजारात येते. वसतिगृहातल्या मैत्रिणी उठायच्या आत, सकाळी साडेसहाला मी एकटीच बाजारात जायची. आई फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि थोडे पैसे द्यायची. "जा, अभ्यास असंल," म्हणायची. एका रविवारी मात्र अकरा वाजता मैत्रिणींबरोबर मला त्याच रस्त्यानं जावं लागलं. आई पाटी पुढे घेऊन बसली होती, हातात सुरा, हातभर खवलं. आमच्यातल्या एकीनं नाकाला ओढणी लावली. आईनं मान वर केली. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि मी पुढे गेले. तिनं हाक मारली नाही. गिऱ्हाइकाकडे वळून ती भाव सांगू लागली. पुढच्या रविवारी भाकरी होत्या, पैसेही होते. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

तर अशी मी, मासे पाळायला निघाले होते.

वर्गात वर्गणी काढली. पेटीचे सांधे सिलिकॉननं भरून घेतले. मग आम्ही तिघी-चौघी शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात गेलो. निळे-गुलाबी खडे घेतले, प्लॅस्टिकचं झाड घेतलं, बुडबुडे सोडणारा पंप घेतला. तिथे एका हंडीत बोटाच्या दोन पेरांएवढे, आरपार दिसणारे मासे होते. कुणाच्या पाठीवर गुलाबी रेघ, कुणाच्या हिरवी. "परदेशी आहेत," दुकानदार म्हणाला. तीस रुपयांना एक. आम्ही सहा घेतले, त्यांच्याबरोबर दुसरेही काही घेतले. नळाचं पाणी भरलं, त्याच दुपारी मासे सोडले, आणि कौतुकानं येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना बिस्किटाचा चुरा घालू लागला.

दुसऱ्या दिवशी दोन मेले. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. आठवड्यात पेटी रिकामी झाली. पंप मात्र इमाने इतबारे बुडबुडे सोडत होता. वर्गात कोणीतरी म्हणालं, "माशाचा वास येतोय." सगळे हसले. तो विनोद माझ्यावर नव्हता, हे मला माहीत होतं. तरी दोन तास मी मान वर केली नाही.

शेवटचा मेलेला मासा कागदावर घेऊन टाकायला निघाले, तेव्हा तो नीट पाहिला. पाठीवरच्या गुलाबी रेघेखाली तीच चपटी अंगकाठी, पोटाशी तीच चांदीची पिशवी, आरपार दिसणारा तोच काटा. ही तर काचकी! आमच्या जाळ्यात चिलापीबरोबर अडकून येते ती. आई ती वेगळी काढून कोंबड्यांपुढे टाकते, जास्त आली तर वाळवते. पुढे वाचनात आलं, की या माशाच्या पारदर्शक अंगात सुईनं रंग टोचतात. तो काही महिन्यांत फिका पडतो. पुष्कळ मासे त्याआधीच दगावतात. माझ्या घरच्या पाटीतला मासा अंगाला रंग टोचून परदेशी म्हणून माझ्याच हातात आला होता आणि मी तो ओळखला नव्हता.

त्या शनिवारी मी घरी गेले. वडील जाळं शिवत बसले होते. सगळं सांगितलं. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "पाणी भरलं आन् लगीच मासं सोडलं?"

"हो."

"अगं, लोणचं घातलं की त्याच दिवशी खातीस का? पाणी मुरू दे की. आधी चिखल बसंल, मग झाड मूळ धरंल, मग गोगलगाय येईल. मासा सगळ्यांच्या शेवटी. मासा नुसत्या पाण्यावर जगत न्हाई पोरी, जाग्यावर जगतो."

हे मी सरांना सांगितलं. अर्थात "आमच्या गावचे एक जण म्हणत होते," असं. सर खूश झाले. त्यांनी रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या एका मित्राकडून त्यामागचं कारण काढून आणलं. माशाच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशाला विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानानं निरुपद्रवी, आणि पाणवनस्पती ते खतासारखं वापरतात. हे जिवाणू वाळूत, दगडांवर, मुळांवर वस्ती करतात, आणि वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ओळीनं तीन चुका केल्या होत्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जायला ते चोवीस तास उघडं ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही. जिवाणूंना वेळ दिला नाही. आणि वर बिस्किटं घातली.

"तुझ्या गावच्या त्या गृहस्थांना एकदा बोलाव ना," सर म्हणाले.

मी निरोप दिला. गणपती झाल्यावर एका गुरुवारी वडील आले. मी वरच्या मजल्यावर व्हरांड्यात मैत्रिणींबरोबर उभी होते. फाटकाबाहेर लिंबाखाली वडील उभे दिसले. डोक्याला टॉवेल, एका हातात पत्र्याचा डबा, पायांशी ओलं पोतं. आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेजारची म्हणाली, "मासेवाला इथे कशाला आलाय गं?"

तो जिना बावीस पायऱ्यांचा आहे. तो उतरायला मी किती वेळ लावला ते माझं मला ठाऊक. बाजारातल्या रस्त्यासारखं इथेही पुढे निघून जाता आलं असतं. ग्रंथालयाकडे जाणारा दुसरा जिना आहेच. पण वडिलांनी वर पाहिलं आणि मला पाहून लगेच नजर दुसरीकडे वळवली. मला ओळख दाखवायची नसेल तर माझी अडचण व्हायला नको म्हणून. घरी आई त्यांना सगळं सांगते, हे मला त्या क्षणी कळलं.

मी खाली गेले, डबा हातात घेतला आणि म्हणाले, "आबा, चला." भूगोल विभागाच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या. सर उठून उभे राहिले. मी म्हणाले, "सर, हे माझे वडील. ते मासेमारी करतात." वर्ग भरलेला होता. कोणी काही म्हणालं नाही. ज्या मुलीनं व्हरांड्यात विचारलं होतं, तिनंच पुढे होऊन पोत्याचं दुसरं टोक धरलं.

त्या दिवशीचं काम वडिलांनी सांगितलं आणि आम्ही केलं. रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड बाहेर. पोत्यात काठावरचा काळा चिखल होता. त्यातल्या काड्या, मुळं वेचून एक इंच जाडीचा थर दिला. त्यावर सात पाण्यांनी धुतलेली भरड वाळू दीड इंच, चिखल वर उसळू नये म्हणून. मागच्या बाजूला वाळू जरा चढती. एक-दोन गुळगुळीत दगड, त्यांच्यात बोटभर सांदी. डब्यात ओलं ठेवलेलं शेवाळ होतं: पट्टीसारख्या लांब पात्यांची व्हॅलिस्नेरिया आणि बारीक पानांची हायड्रिला. वडील दोन्हीला गोंडाळच म्हणतात. पात्यांची मुळं वाळूत खोचली, हायड्रिलाच्या जुड्या दगडाखाली दाबल्या. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतलं. पाच घागरी मावल्या.

"पाणी कधी बदलायचं?" सरांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"वढ्याचं पानी कोन बदलतंय, साहेब?" वडील म्हणाले. मग थोडं थांबून, "पर ह्यो वढा न्हाई. हितं आठ-पंधरा दिसांनी चार आनं काढायचं, तेवढंच घालायचं. समदं एकदम काढायचं न्हाई."

पुढचे पाच आठवडे पेटीत बघण्यासारखं काही नव्हतं. पहिले चार दिवस पाणी गढूळ. मग ते निवळलं. नंतर काचेवर हिरवट थर आला. "चिखलाचं प्रदर्शन" असं कोणीतरी कागदावर लिहून पेटीला चिकटवलं. मी तो कागद काढला नाही. एके सकाळी काचेवर मोहरीएवढी गोगलगाय दिसली. ती शेवाळाबरोबर आली असावी. मग तिच्यासारख्या दहा झाल्या आणि हिरवट थर ओसरला. पातं वाळूखालून धुमारे काढत पुढे आलं. दुपारी ऊन तापलं की हायड्रिलाच्या पानांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढायची. पंप आम्ही केव्हाच काढून ठेवला होता. मग दिवाळीची सुट्टी पडली.

सुट्टीत मी वडिलांबरोबर पाण्यावर गेले. लहानपणी जायची, नंतर सोडलं होतं. जाळ्यात आली ती बहुतेक चिलापीच. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आपल्या देशात पहिल्यांदा १९५२ साली आणला. आमचं घर आज तिच्यावरच चालतं, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण वडील एकेका माशाचं नाव घेऊन सांगत होते: हा पूर्वी इथे यायचा, तो त्या डोहात असायचा. "नकटा तर आता दिसतच न्हाई." काचक्या आईनं जाळ्यातून ओल्या हातानं निवडल्या. अळकुट मी मागितली तर म्हणाली, "ती नको, हात लागला की मरती." मुऱ्या मात्र धरणात मिळत नाही. तो वाहत्या पाण्याचा. त्यासाठी आम्ही मावशीच्या गावच्या ओढ्यावर गेलो. दगड हळूच उचलायचा आणि खालच्या बाजूला फडकं धरायचं. बोटाएवढा, अंगावर पट्टे, तोंडाला बारीक मिशा. तळाशी वाळूत बसला की दिसेनासा होतो.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी दहा काचक्या आणि सहा मुऱ्या पेटीत गेले. डब्यात निम्म्याहून कमी पाणी, वर ओलं फडकं, पहाटेची पहिली एसटी. डबा पेटीशेजारी ठेवून तासभर पेटीतलं पाणी कपाकपानं त्यात घातलं, मग मासे सोडले. खायला डासांच्या अळ्या. पाण्याची एक बादली मागच्या बाजूला उघडी ठेवली की त्या आपोआप होतात, फक्त चार दिवसांच्या आत गाळून घ्याव्या लागतात, नाहीतर डास आपल्याला खातात. बिस्किटं बंद. पहिल्या महिन्यात दोन काचक्या गेल्या. बाकीचे चौदा जीव आज, फेब्रुवारीत, तसेच आहेत.

डिसेंबरात सरांनी मला एक जुनी यादी दाखवली. साईक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडत होता. इथल्या नद्यांतल्या माशांची त्यानं वर्णनं केली, आणि १८३९ साली त्यांतल्या कितीतरी माशांना शास्त्रीय नावं मिळाली. सर एकेक नाव वाचत होते. नुक्ता. कोलुस. मूरेह. मी म्हणाले, "सर, पुन्हा वाचा." नकटा, कोळशी आणि मुऱ्या! आमच्या मुऱ्याचं आजचं शास्त्रीय नाव पॅराकँथोकोबायटिस मूरेह असं छापतात. साहेबाला ती नावं इथल्याच कोणीतरी सांगितली असणार. काठावर जाळं वाळत घालणाऱ्या माणसाखेरीज ती सांगणार कोण? ग्रंथात साहेबाचं नाव आहे, सांगणाऱ्याचं नाही.

सर म्हणाले, "आपण पेटीवर पट्टी लावू. मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि खाली माहिती देणाऱ्याचं नाव." मी वडिलांचं नाव लिहिलं. हात थरथरला म्हणून अक्षर जरा वाकडं आलं आहे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी साडेसहाला बाजारात गेले नाही. अकरा वाजता गेले, मैत्रिणींना घेऊन. "ही माझी आई," म्हणाले. आईनं हात पोत्याला पुसले आणि "बसा की गं," म्हणाली. बसायला तिथे जागा नव्हती. मागच्या त्या रविवारबद्दल ती बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलायचं आहे, अजून जमलेलं नाही.

बाजार उलगल्यावर ती कॉलेज बघायला आली. सुट्टीचा दिवस असूनही शिपाईमामांनी विभाग उघडून दिला. आई पेटीपुढे बराच वेळ उभी राहिली. "एवढीशी काचकी," म्हणाली, "हिचं कालवण करायचं तर शंभर लागत्याल." मग वाळूत बसलेला मुऱ्या तिनं माझ्या आधी पाहिला. पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "काय ल्हिवलंय?" मी वाचून दाखवलं. वडिलांचं नाव ऐकून ती हसली.

"आन् माझं?" ती म्हणाली. "जाळ्यातनं निवडून कुणी दिल्या?"

सोमवारी सकाळी मी पहिलं काम तेच केलं. पट्टीवर आता दोन नावं आहेत. दुसरं नंतर लिहिल्यामुळे कडेला जरा दाटीनं बसलं आहे. मासे दिसेपर्यंत पेटीपुढे थांबाल, तेव्हा तेही वाचा.